उद्दिष्ट, साध्य आणि मधली मोजपट्टी

जिल्हा वार्षिक योजनेच्या आढावा बैठकीत वाटले जाणारे पुस्तक ज्यांनी एकदा तरी चाळले आहे, त्यांना त्याचे रकाने पाठ असतात. योजनेचे नाव, लेखाशीर्ष, मंजूर नियतव्यय, प्राप्त निधी, झालेला खर्च, खर्चाची टक्केवारी; मग भौतिक उद्दिष्ट आणि त्याच्या शेजारी साध्य. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात 'काम प्रगतिपथावर' किंवा 'निविदा प्रक्रिया सुरू' एवढेच असते, पुष्कळदा तेही नसते. डिसेंबरात रखडलेली टक्केवारी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम उसळी मारते, कारण एकतीस तारखेनंतर निधी व्यपगत होतो. पालकमंत्री तंबी देतात तीही खर्चाबद्दलच: पैसा परत जाता कामा नये. बंधारा बांधून झाला का, हे विचारले जाते. त्यात पाणी किती महिने टिकले, यासाठी पुस्तकात रकानाच नाही. म्हणून बैठकीतही तो प्रश्न कोणाला सुचत नाही.

संस्थेने किंवा प्रदेशाने दूरचे उद्दिष्ट कसे ठरवावे, आणि आपण तिकडेच चाललो आहोत की नाही हे कसे तपासावे, हा वाचकाच्या हातातल्या या पुस्तकाचा विषय. व्यवस्थापनशास्त्राने त्यावर कपाटेच्या कपाटे भरली आहेत. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली उद्दिष्टांवर आधारित व्यवस्थापनाची कल्पना मांडली. चाळीस वर्षांनी, १९९४ मध्ये, हेन्री मिंट्झबर्ग यांनी व्यूहात्मक नियोजनाच्या उदयाबरोबर त्याच्या पडझडीचाही इतिहास लिहिला. आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत या विषयाची सुरुवात हमखास अफझलखानाच्या भेटीने होते आणि शेवट भिंतीवर लावायच्या 'ध्येय, दृष्टी, मूल्ये' या फलकाने. मधले काम कोणी शिकवत नाही. ते रुक्ष आहे, भांडणाचे आहे, आणि त्यात टाळ्या मिळत नाहीत.

ते मधले काम म्हणजे मोजपट्टी ठरवणे. उद्दिष्ट ठरवणारे लोक मोठे असतात आणि मोजपट्टी हा खालच्या टेबलावरच्या सांख्यिकी सहायकाचा प्रांत मानला जातो. प्रत्यक्षात उलटे घडते. घोषणेतले उद्दिष्ट मागे राहते आणि ज्या आकड्याने ते मोजायचे ठरले, तो आकडा उद्दिष्टाची जागा घेतो. इंग्रज अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात हेच निरीक्षण नोंदवले होते. पण त्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. प्रादेशिक नियोजनावर इतके मोजून-मापून, इतक्या समित्या नेमून आणि इतक्या कडवटपणे भांडलेले दुसरे राज्य सापडणे कठीण. महाराष्ट्राइतकी चांगली प्रयोगशाळा या विषयाला मिळणार नाही.

या प्रयोगशाळेचा पाया पुण्यात घातला गेला. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. नियोजन आयोग अजून जन्माला यायचा होता. कालवा फायद्यात आहे की तोट्यात, हे ब्रिटिश सरकार पाणीपट्टीच्या वसुलीवरून ठरवत असे: गुंतवलेल्या भांडवलावर किती टक्के सुटले, एवढाच हिशेब. गाडगीळांनी कालव्याखालची गावे घेतली, तशीच कोरडवाहू गावेही घेतली, आणि दोन्हींकडे पिके, मजुरी, व्यापार, उत्पन्न यांत काय फरक पडला ते पाहिले. सरकारच्या तिजोरीत न दिसणारा लाभ मोजायचा, तर आधी तो कोणाच्या घरी जातो ते पाहावे लागते. सरकारी मोजपट्टीत कालवा म्हणजे महसुलाचे साधन होते. गाडगीळांच्या पाहणीत तो प्रदेशाच्या अर्थकारणाचा कणा ठरला. कालवा तोच होता.

हेच गाडगीळ पुढे १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांत कशी वाटायची याचे जे सूत्र १९६९ साली ठरले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. साठ टक्के भार लोकसंख्येला, उरलेले चाळीस दहा-दहाच्या चार वाट्यांत: दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे सिंचन व वीज प्रकल्प, आणि राज्याचे खास प्रश्न. दिसायला साधी बेरीज, पण प्रत्येक दहा टक्क्यांमागे कोणत्या राज्याला काय द्यावे याची एक राजकीय भूमिका आहे. त्याआधी हे वाटप बव्हंशी दिल्लीतल्या मर्जीवर चालायचे. सूत्र आल्यावर भांडण संपले नाही. निदान ते कशावर करायचे हे तरी ठरले.

महाराष्ट्रातले भांडण याहून जुने आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला आश्वासने दिली: खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात. १९५६ च्या घटनादुरुस्तीने ३७१(२) हे कलम आले, त्यात विकास मंडळांची आणि राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद झाली. मग १९६० मध्ये राज्य झाले. आश्वासने पाळली गेली की नाही यावर पुढची वीस-पंचवीस वर्षे भाषणे झाली. दोन्ही बाजूंची भाषणे उत्तम असत. आकडे मात्र प्रत्येकाचे वेगळे.

म्हणून १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिचा १९८४ चा अहवाल हा या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा असा दस्तऐवज आहे. दांडेकर म्हणजे नीळकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्याची मोजणी करणारे अर्थतज्ज्ञ. मोजणीत कुठे फसवणूक होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. समितीने रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीखाली असेल, त्याला सरासरीपर्यंत आणायला काय लागेल ते मोजले आणि त्याची किंमत मांडली. ही किंमत म्हणजे 'अनुशेष'. सगळी मिळून ती सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाली.

या पद्धतीत एक बारीक खुबी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. समितीने हिशेबाचा घटक जिल्हा धरला, आणि सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची शिल्लक शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा केली नाही. परिणाम असा की उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याला एकूण अनुशेषाचा ३७ टक्क्यांहून अधिक भाग आला. विदर्भाचा ३९ आणि मराठवाड्याचा साडेतेवीसच्या आसपास. ज्या प्रदेशाविरुद्ध तक्रार होती त्याचाही अनुशेष एवढा मोठा, हे पाहून नागपूर-औरंगाबादचे पुढारी संतापले. त्यांचे उद्दिष्ट तीन प्रदेशांतला समतोल हे होते. समितीने मोजला तो जिल्ह्याजिल्ह्यांतला. रत्नागिरीचा शेतकरी कोल्हापूरच्या सिंचनावर जगत नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. प्रदेश म्हणून सत्ता कोणाच्या हाती राहिली, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच खरा. माझा कौल इथे दांडेकरांच्या बाजूने आहे. पण हा कौल तांत्रिक नाही, आणि अहवालाच्या पद्धतीवरील प्रकरणात तो तांत्रिक असल्यासारखा मांडला जातो, एवढे वाचकाने लक्षात ठेवावे. घटक जिल्हा की प्रदेश, हे ठरले तिथेच वाटपाचा निम्मा निकाल लागला होता.

अहवालानंतर विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला. मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये. मग निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली, तिने १९९४ च्या पातळीवर नव्याने मोजणी केली, आणि रक्कम चौदा हजार कोटींच्या घरात गेली. राज्यपाल दरवर्षी निधिवाटपाचे निर्देश देऊ लागले. या साऱ्यात अनुशेष हा शब्द दोन अर्थांनी फिरू लागला. एक आर्थिक अनुशेष, म्हणजे इतके कोटी द्यायचे. दुसरा भौतिक, म्हणजे इतके हेक्टर सिंचन, इतके किलोमीटर रस्ता. पैसे दिले की आर्थिक अनुशेष संपतो. तेवढ्या काळात सिमेंट-लोखंड महागते, भूसंपादन अडते, कंत्राटदार बदलतो. पैसे संपतात आणि हेक्टर तिथेच राहतात. शिवाय मोजणी १९९४ च्या सरासरीशी बांधलेली. पुढारलेले जिल्हे त्यानंतर थांबले नव्हते. पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या जिल्ह्याचा अनुशेष 'दूर झाला' असे जाहीर होते, तेव्हा तो जिल्हा इतरांच्या एका जुन्या मुक्कामावर पोचलेला असतो. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष तर त्या जुन्या पट्टीनेही वर्षानुवर्षे भरून निघाला नाही.

सिंचन मोजायचे कशाने, हा यातला सर्वांत रंजक आणि सर्वांत खर्चिक प्रश्न. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर हरभरा यांना सारखे पाणी लागत नाही, म्हणून सगळे क्षेत्र 'रब्बी समतुल्य' करून घ्यावे लागते. इथवर ठीक. पण मोजली जाते ती 'निर्मित सिंचन क्षमता'. धरण झाले, कालवा खोदला, की इतक्या हेक्टरची क्षमता निर्माण झाली असे खाते लिहिते. पाणी शेवटच्या चारीपर्यंत गेले का, ही वेगळी गोष्ट. कालव्याच्या टेलला ज्याची जमीन आहे, त्याला या दोन आकड्यांतले अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. मुखाशी ऊस उभा असतो, आवर्तन लांबते, पोटचारीत बाभळी उगवलेल्या असतात, आणि कागदावर त्याचे शेत तीस वर्षांपासून ओलिताखाली असते.

गोसीखुर्द प्रकल्पाचे कागद हा या साऱ्याचा अर्क आहे. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण. १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा अपेक्षित खर्च ३७२ कोटी रुपये होता आणि लाभक्षेत्र अडीच लाख हेक्टरांचे. भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. सुधारित प्रशासकीय मान्यता (खात्यातल्या बोलीत 'सुप्रमा') घेत घेत खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला. दर सुप्रमेच्या प्रस्तावात वाढीची कारणे व्यवस्थित वर्गवारी करून दिलेली असतात: दरसूचीतील बदल, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी. कारणे खोटी असतात असे नाही. मात्र पहिला अंदाज इतका कमी का धरला होता, ही चौकशी त्या वर्गवारीत बसत नाही. कमी आकड्यावर मान्यता मिळवणे सोपे असते आणि एकदा नारळ फुटला की प्रकल्प बंद करणे कोणालाच परवडत नाही, हे सर्वांना माहीत असते. अनुशेष पैशांत मोजायचा ठरला की जास्तीत जास्त प्रकल्पांना थोडा थोडा निधी देणे हेच शहाणपण ठरते. अपूर्ण प्रकल्पांची रांग अशी तयार झाली.

२०११-१२ च्या आर्थिक पाहणीने या गोष्टीला तोंड फोडले. दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटींच्या आसपास खर्च झाला आणि एकूण पीकक्षेत्रातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्क्यांवर गेले, असे तिच्या आकड्यांवरून दिसत होते. ०.१ टक्का हा आकडा महाराष्ट्राच्या राजकारणात त्यानंतर कित्येक निवडणुका गाजला. २०१२ च्या अखेरीस सरकारने श्वेतपत्रिका काढली, तिने वेगळ्या आधारावर वेगळी वाढ दाखवली. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथकाचा अहवाल आला. भ्रष्टाचाराची बाजू न्यायालये पाहतील. या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते वेगळेच: कृषी खाते पिकांची नोंद मोजत होते, जलसंपदा खाते क्षमता मोजत होते, आणि दोघांचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडायची वेळ कोणावर आली नव्हती. आली तेव्हा स्फोट झाला. त्यावर उपाय काय निघाला? नंतरच्या कित्येक पाहण्यांत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीपुढे 'उपलब्ध नाही' असे छापले जाऊ लागले.

हेच राज्य १९६२ मध्ये स. गो. बर्वे यांच्या आणि १९९९ मध्ये चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोगांचे उत्कृष्ट अहवाल लिहून घेणारे राज्य आहे. विचारांची टंचाई आपल्याला कधीच नव्हती.

अनुशेषाच्या या गणितातून बाहेर पडण्याचा प्रयत्न विजय केळकर समितीने केला. ती २०११ मध्ये नेमली गेली, अहवाल २०१३ मध्ये दिला, तो विधिमंडळासमोर आला २०१४ च्या डिसेंबरात. मागचा हिशेब चुकता करण्यापेक्षा पुढच्या विकासातली तूट भरून काढण्याकडे तिचा रोख होता. पाणी हा तिच्या विचारातला मोठा धागा. तरीही वाद कशावर पेटला? तालुका हा घटक धरावा की नाही यावर. तालुका धरला की माण, खटाव, जत, आटपाडी हे पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुके मागासलेपणाच्या यादीत वर येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या विरोधकांच्या मते हा निधी पळवण्याचा नवा मार्ग होता. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या शेतकऱ्याच्या मते ही तीस वर्षांनी झालेली पहिली प्रामाणिक मोजणी. दांडेकरांच्या वेळचाच वाद एक पायरी खाली उतरून पुन्हा उभा राहिला होता. अहवालाची अंमलबजावणी जवळजवळ झालीच नाही, आणि विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

उद्दिष्ट निधीऐवजी परिणामाच्या भाषेत मांडले की प्रश्न सुटतो, अशी एक समजूत आहे. जलयुक्त शिवार अभियानाने तसे केले होते. डिसेंबर २०१४ मध्ये अभियान सुरू झाले तेव्हाचे घोषवाक्य '२०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र' असे होते: दरवर्षी पाच हजार, पाच वर्षांत पंचवीस हजार गावे. 'इतके बंधारे' असे उद्दिष्ट नव्हते, 'टंचाई नाही' असे होते, हे त्याचे मोठेपण मान्य करायला हवे. पण टंचाई मोजायची कशी? तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मंत्रालयाला जे तक्ते गेले, त्यांत झालेली कामे, काढलेला गाळ आणि निर्माण झालेला साठा टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरांत, भरलेला असे. गावाच्या आराखड्यातली गरज आणि निर्माण झालेला साठा यांची तोंडमिळवणी झाली की गाव 'जलपरिपूर्ण'. गावात पाणी उपसणारे किती बोअर वाढले, मोसंबी आणि ऊस किती वाढला, हे तक्त्यात नव्हते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने सहा जिल्ह्यांतली १२० गावे तपासली. जलपरिपूर्ण म्हणून जाहीर झालेल्या ८० गावांपैकी खरोखर तशी २९ निघाली, आणि ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी उंचावण्याचा हेतू फारसा साधला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारी बाजूने पावसाची तूट पुढे केली गेली. पाऊस कमी हे खरेच होते. पण टंचाई येते ती कमी पावसाच्याच वर्षी, आणि तिच्यासाठीच तर ही योजना होती.

याच्या शेजारी हिवरे बाजारचे उदाहरण ठेवण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होतो, मलाही होतो आहे. त्या गावाचे गोडवे खूप गायले गेले आहेत, म्हणून एकच गोष्ट सांगतो. पोपटराव पवारांच्या गावात पाऊस गावातल्याच पर्जन्यमापकावर मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मग रब्बीला काय पेरायचे ते ठरते. पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढतात. पाऊस कमी असेल तर गहू कमी. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. या योजनेत उद्दिष्टाइतकेच ठळकपणे लिहिलेले आहे ते काय करायचे नाही हे. बहुतेक आराखड्यांत नेमके हेच पान गाळलेले असते, कारण नकार लिहिला की कोणीतरी दुखावतो. दुसरे असे की इथे मोजणारा, ठरवणारा आणि चुकले तर कोरड्या विहिरीपाशी उभा राहणारा, एकच. पंचवीस हजार गावांत हे जसेच्या तसे होईल असे मी म्हणत नाही. दीडशे-दोनशे गावांच्या तालुक्याला एकच पर्जन्यमापक पुरणार नाही, आणि पोपटरावही मिळणार नाहीत.

आता संस्थांकडे वळू. प्रदेशाचे नियोजन फसले तर निवडणुकीत बोलता तरी येते. संस्थेचे उद्दिष्ट हळूहळू बदलत जाते आणि त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही. नवी मुंबई उभारणारी सिडको हे त्याचे आपल्या अंगणातले उदाहरण. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी हा विचार बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्ये मांडला, गाडगीळ समितीने १९६६ मध्ये उचलून धरला (सिंचनाच्या गोष्टीतली तीच दोन नावे, त्या पिढीचा आवाका असा होता), आणि चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात त्याला चित्ररूप दिले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पंचाण्णव गावांची जमीन, वीस लाखांच्या शहराचे स्वप्न. मूळ उद्दिष्ट स्पष्ट होते: बृहन्मुंबईची वाढ रोखणे. त्यासाठी राज्य सरकारची कचेरी पलीकडे हलेल हे गृहीत होते. ती हलली नाही. उलट त्याच दशकात नरिमन पॉइंटवर समुद्रात भर घालून टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. कांदा-बटाटा, मसाला, धान्य यांचे घाऊक बाजार वाशीला गेले, हे यश मोठे. रेल्वे मात्र १९९२ पर्यंत खाडी ओलांडू शकली नाही, आणि ओलांडली तेव्हाही खर्चाचा मोठा वाटा सिडकोनेच उचलला.

मूल्यमापन कसे करणार? १९७१ मध्ये साठ लाखांच्या आत असलेली बृहन्मुंबई २०११ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास होती, म्हणजे मूळ उद्दिष्ट हुकले. शहर म्हणून पाहिले तर नवी मुंबई देशातल्या बऱ्याच नियोजित शहरांपेक्षा जास्त जिवंत आहे. रुंद रस्ते, स्वतःचे धरण, स्थानकांभोवती वस्ती. संस्था म्हणून पाहिले तर सिडको श्रीमंत आहे, कारण तिला जमीन विकून शहर उभारायचे होते, आणि विकण्याचा भाव हीच पुढे यशाची पट्टी बनली. गरिबांसाठी किती घरे, हा प्रश्न त्या पट्टीवर नेहमी खालच्या बाजूला राहिला. आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या हिशेबात? उरण-पनवेलच्या आगरी-कोळी गावांना जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरावे लागले, जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. १९७० च्या दशकातल्या आराखड्यात हे उद्दिष्ट नव्हते. आज देशभरच्या भूसंपादनात त्याचा दाखला दिला जातो. सिडकोच्या कामातली सर्वांत टिकाऊ कल्पना कोणती असे मला विचारले, तर मी हीच सांगेन, आणि ती नियोजनकारांच्या टेबलावर जन्मलेली नाही. मिंट्झबर्ग यांनी आखलेल्या आणि आपसूक उगवलेल्या व्यूहनीतीत जो फरक केला, तो समजायला जासईपेक्षा चांगली जागा नाही.

मूल्यमापन कोणी करावे, हा प्रश्न अजून उरतो. केंद्राने १९५२ मध्येच कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली होती. २०१५ मध्ये ती नीती आयोगाच्या एका कार्यालयात विलीन झाली. बाहेरून तपासणारे लेखापरीक्षक उशिरा येतात, तोवर अधिकाऱ्यांच्या तीन बदल्या झालेल्या असतात. आतून तपासणारे वेळेवर येतात, पण त्यांचा गोपनीय अहवाल त्याच साहेबांच्या हाती असतो. गाडगीळांच्या पाहणीसारखा तिसरा मार्ग, म्हणजे विद्यापीठे आणि संशोधन संस्था, महाराष्ट्रात होता. आता त्यांच्याकडे कामे येतात ती बहुधा 'त्रयस्थ मूल्यमापन' या नावाने, योजना राबवणाऱ्या खात्याच्याच पैशाने आणि महिना-दोन महिन्यांच्या मुदतीत. कोरडवाहू गाव तुलनेला घ्यायचे तर किमान दोन हंगाम लागतात.

हे सगळे आत्ताच सांगायचे कारण असे की महाराष्ट्र पुन्हा एकदा मोठी उद्दिष्टे ठरवत आहे. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याने आपला विकास आराखडा करून आपल्या वाट्याची वाढ दाखवायची. नंदुरबार आणि गडचिरोली तळाशी, मुंबई माथ्यावर, हे चित्र बदलायचे असेल तर जिल्हा हा घटक धरण्याला माझा विरोध नाही. अडचण वेगळी आहे. जिल्ह्याचे उत्पन्न आपल्याकडे सगळे प्रत्यक्ष मोजले जात नाही. शेतीचे बरेचसे आकडे जिल्ह्यातूनच येतात. पण उद्योग, व्यापार, वाहतूक, सेवा यांच्या मोठ्या भागाचा अंदाज आधी राज्यासाठी होतो आणि मग कामगारांची संख्या किंवा तत्सम निर्देशक वापरून तो जिल्ह्यांत वाटला जातो. त्या संख्येचा पाया जनगणनेवर, आणि २०२१ ची जनगणना लांबल्याने हाताशी आहे ती २०११ ची. म्हणजे पुण्यात एखादा नवा कारखाना आला तर वाशीमच्या खात्यावरही थोडी वाढ जमा होऊ शकते, आणि वाशीममध्ये खरोखर काही घडले तर ते पुण्याच्या आकड्यात विरघळू शकते. जिल्हाधिकाऱ्यांनी पाच वर्षांनी कोणता आकडा दाखवायचा, हे आराखड्यात लिहिले आहे. तो आकडा त्यांच्या जिल्ह्यात कोण, कुठे जाऊन मोजणार, हे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाला विचारून घेण्याचे काम मात्र अजून बाकी आहे.